सदराची जागा

शेअर बाजाराची चर्चा घराघरांत शिरली, त्या वर्षांत टावर चौकाजवळच्या वाचनालयात एक वृद्ध गृहस्थ रोज भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते आधी साहित्याचं सदर वाचत. तरुणपणी ते स्वतःही एका पेपरात सदर लिहायचे.

"नवकवितेला मी वर्षभर झोडपलं," ते एकदा म्हणाले. "माझी टीका वाचून लोक ती कविता शोधायला लागले. मग मीही ती नीट वाचली, आणि तिच्याच बाजूनं लिहायला लागलो."

एका सकाळी सदराच्या जागी शेअरचे भाव छापून आले. त्यांनी पान उलटसुलट पाहिलं, पेपर घडी करून ठेवला आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

"बसा जरा. तुम्हाला कोणता कवी अजिबात आवडत नाही, सांगा."