चालतं त्यालाच कुंकू

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावात घरासमोर चहाचा कप घेऊन उभा होतो, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "शक्यच नाही!" शेजाऱ्यांना वाटलं, मला धक्का बसला. धक्का कसला डोंबलाचा, मी अनुभवाने बोलत होतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, हा नवरा आयुष्यात कुठे वेळेवर पोहोचल्याचं कुणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या लग्नात हा माणूस इतका उशिरा आला की अक्षता टाकायला जमलेल्या पोरांना तोवर मिसरूड फुटली होती. आणि हाच माणूस जाताना मात्र कुणाची वाट न पाहता, सकाळचा चहा पुढ्यात यायच्या आत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. जन्मात एकच काम वेळेआधी उरकलं, आणि तेही नेमकं नको ते.

दाजी मूळचे तिसगावचे. सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देण्यात गेली. नट-बोल्टांशी ऊठबस होती म्हणून सगळ्या भावकीने ठरवून टाकलं की ह्यांना यंत्रातलं कळतं. तो गैरसमज दूर करायचं कामही दाजींनी पुढे ढकललं. मग काय विचारता! तिसगावापासून केडगावापर्यंत कुणाचा मिक्सर जळो, कुणाचा पंप बसो, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटो, वस्तू निघाली सावेडीला, नगरातल्या दाजींच्या घरी. दाजी ती दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद घ्यावा तशी घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे आणि निदान सांगायचे, "काय न्हाई, थोडंसंच काम हाय. ठिवून जा, बघू." ते 'थोडंसंच काम' मग आतल्या खोलीत जाऊन बसायचं. त्या खोलीत काय नव्हतं? बिनसाखळीच्या सायकली होत्या, किल्ल्या हरवलेली कुलपं होती, आणि रेडिओ तर इतके जुने की चालू केले असते तर आतून दुष्काळाच्या बातम्या आल्या असत्या. एकदा एक मांजर त्या खोलीत शिरलं ते म्हातारं होऊनच बाहेर आलं.

काम का होत नाही, याला दाजींकडे पंचांगाएवढी कारणं. सोमवारी लाइट नसते. मंगळवारी हत्यार धरू नये. पावसात तारेला ओल धरते, उन्हात रबर चिकटतं आणि थंडीत बोटं वळत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, "दाजी, मग ऋतू उरला कोणता?" तर शांतपणे म्हणाले, "त्येच तर म्हनतोय पाव्हणं. घाई करून चालत न्हाई."

आता कुणी म्हणेल, दरवर्षी दसरा काढतात की घरोघर. नवरात्राआधी सगळं घर अंगणात येतं, भांडीकुंडी, अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघतात, मग ही अडगळ कशी निघाली नाही? अहो, इथेच तर आमच्या लोकांची अक्कल दिसते. आमच्यात घाण काढतात, वस्तू काढत नाहीत. अक्का दरवर्षी ते मेलेले मिक्सर अंगणात मांडायची, साबणाने धुवायची, उन्हात वाळवायची आणि कोरडे करून होते तिथे नेऊन ठेवायची. त्याच्याही पुढची कडी म्हणजे खंडेनवमी. हत्यारांची पूजा म्हणून दाजी पान्हे, पकडी मांडायचे ते मांडायचेच, वर हे सगळे बंद पडलेले गडीही ओळीने मांडायचे आणि प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाला झेंडूचं फूल. आणि एकदा हळदकुंकू लागलं की संपलं! पूजेतली वस्तू भंगारात घालायची कशी? अशा रीतीने प्रत्येक खंडेनवमीला त्या खोलीतली अडगळ आणखी एक वर्ष देव होऊन बसायची. "पूजा शस्त्राची असते दाजी, मढ्याची नाही," असं मी तोंडावर म्हटलेलं आहे. त्यावर मलाही एक झेंडूचं फूल मिळालं.

हे असंच चाललं असतं, पण भाची सुवर्णा गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दिवस दिवाळीनंतरचे. गणपती उठल्यावर तिची सासू पुण्याहून 'सहज' येऊन गेली. या विहीणबाई म्हणजे रुमालाला इस्त्री करणाऱ्यांपैकी. त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं, ते वीतभर उघडलं आणि पलीकडे कशाला तरी अडलं. त्या फटीतून त्यांनी एक डोळा आत घातला, काढून घेतला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "राहू द्या हो ताई. आमच्याकडं सगळी सोय आहे. आम्हीच करू बाळंतपण."

बाई गेल्यावर अक्काने कपबशा विसळल्या, हात पुसले आणि दाजींसमोर येऊन उभी राहिली. "ऐकलंत? पोरीला आईच्या घरी जागा नाही म्हणून सांगून गेली."

"करू की मोकळी. आता पितृपक्ष लागतोय, त्यो एवढा सरू दे, मग..."

"आहो, पोट काय तुमच्या पितृपक्षासाठी थांबतंय का?"

दाजींना पहिल्यांदाच असं काम लागलं होतं जे ठेवून जा, बघू म्हणता येत नव्हतं. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. पितृपक्ष गेला, घट बसले, उठता-बसता "करतो" चालूच राहिलं. खंडेनवमी उजाडली. दाजींनी सवयीने सगळी फौज अंगणात मांडली, झेंडू तोडून ठेवले आणि हळदकुंकवाचं ताट मागितलं. अक्का ताट घेऊन बाहेर आली आणि ते मांडीवर ठेवून उंबऱ्यात बसली.

"चालू करून दाखवा."

"काय?"

"एकेक. चालतं त्यालाच कुंकू. बंदला नाही."

मी त्या दिवशी जेवायला म्हणून गेलो होतो, आणि देवाशपथ सांगतो, असली करमणूक मी जत्रेतसुद्धा पाहिलेली नाही. दाजींनी घरातून वायर ओढली. पहिला मिक्सर लावला, त्याने एक उचकी दिली आणि धूर सोडला. दुसऱ्याने वायरच खाल्ली. पंपाने असा आवाज काढला की शेजारची म्हातारी चतकोर भाकरी घेऊन गाय शोधायला बाहेर आली. एका इस्त्रीने तर साऱ्या सावेडीची लाइट घालवली. दाजी घामाने निथळत होते. दर वस्तूगणिक म्हणायचे, "हे थोडंसंच..." आणि अक्का ताटावरचा हात हलवत नव्हती. मी मदत म्हणून हसत होतो.

शेवटी, लाइट परत आल्यावर, सगळ्यांच्या मागून एक टेबलफॅन निघाला. हिरवा, एक पाय आखूड. सुवर्णा जन्मली तेव्हा घरात घेतलेला. बटण दाबलं, काही नाही. दाजींनी त्याच्या मानेवर एक टपली मारली... आणि तो फिरायला लागला, घर्र घर्र, मान हलवत, एकेका झेंडूला वारा घालत. अक्का उठली. त्याच्या जाळीला तिने हळद लावली, कुंकू लावलं आणि बाकीच्या ओळीकडे न पाहता म्हणाली, "हा आत येईल. बाकीचं उद्या घराबाहेर. आणि तू रे, टेम्पो सांग."

मी भंगारवाल्याला सांगायला निघालो, तर दाजी ताडकन म्हणाले, "भंगारात न्हाई. मान्सांच्या ठेवी हायेत त्या. ज्याच्या त्याला पोचवू." चाळीस वर्षं ज्याने पोचवल्या नाहीत त्याला एका घटकेत ठेवी आठवल्या! पण अक्का म्हणाली, "पोचवा. फक्त उद्याच." आणि दसऱ्याच्या दिवशी आमचं जे शिलंगण निघालं ते नगर जिल्ह्याच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखं आहे. पुढे ड्रायव्हर, मागे भंगाराच्या ढिगावर दाजी, नवा सदरा, टोपी, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. प्रत्येक दारात टेम्पो थांबायचा, दाजी उतरायचे, एका हाताने सोनं द्यायचे, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि दुसऱ्या हाताने मिक्सर. सणाच्या दिवशी दारात आलेल्याला नाही कोण म्हणणार? लोकांची तोंडं बघायची होती! वस्तू दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकजण म्हणाला, हा आमचा नव्हेच. दाजींनी उलटा करून बुडाशी कोरलेलं त्याच्या बायकोचं माहेरचं नाव दाखवलं. केडगावात एक पंप माझ्याही दारात उतरवला. तो माझा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

शेवटचा थांबा तिसगाव. परतताना टेम्पो रिकामा. दाजी पुढे न बसता मागेच बसले, म्हणून मीही मागे. पानांची रिकामी पिशवी घडी घालून मांडीखाली ठेवली. मग म्हणाले, "लई हलकं वाटतंय, पाव्हणं. पर एक हाय... वस्तू नीट करून दिली का मान्सं जात्यात. राहिली का चौकशीला येत्यात. च्या पित्यात, बसत्यात. आता कोन येईल?"

म्हणजे बघा! आळसाला इतकं गोड कारण मी तरी कुठे ऐकलेलं नाही. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, हा माणूस कामचुकार आहे. हा तर मुरलेला कामचुकार निघाला, कारणासकट. मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत बसलो. धूळ फार होती त्या रस्त्याला.

खोली धुऊन निघाली. तिला खिडकी आहे हे सुवर्णाला जन्मात पहिल्यांदा कळलं. बाळंतपण तिथेच झालं, म्हणजे दवाखान्यातून मायलेकी तिथेच आल्या. विहीणबाई बारशाला आल्या, दार पुरतं उघडलं, आणि या वेळी त्यांनी दोन्ही डोळे आत घातले. कोपऱ्यात तो हिरवा पंखा. थंडीत पंखा कशाला, असं विचारलं तर दाजी म्हणायचे, डासांसाठी. सावेडीचे डास चिमणीएवढे असतात हे खरं आहे, पण मला विचाराल तर त्यांना टपली मारायला काहीतरी हवं होतं. पुढे घरात कायदाच झाला : वस्तू आली तर त्याच आठवड्यात चालू व्हावी, नाही तर आली तशी परत जावी. दाजी लोकांना दारातच सांगायला शिकले, "मला न्हाई जमायचं, दुकानात न्या." हे वाक्य शिकायला माणसाला नातीचा आजोबा व्हावं लागलं.

आणि माणसं? दहाव्याला तिसगावहून, केडगावहून, कुठून कुठून इतकी आली की मांडव अपुरा पडला. कुणाचीही वस्तू त्या घरात अडकलेली नव्हती. तरी आली, बसली, चहा प्याली. दाजींचा हिशेब शेवटपर्यंत चुकीचाच होता, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

तेराव्यानंतर मी आतल्या खोलीत आवराआवर करत होतो. पंखा लावला, हलला नाही. टपली मारली. दोन मारल्या. सुवर्णाची पोर, आता शाळेत जाते ती, तिने आजोबांसारखी नेमकी मानेवर मारून पाहिली. नाही. कायदा घरातल्या सगळ्यांना पाठ होता, म्हणून मी वायर गुंडाळली आणि पंखा उचलून दाराकडे निघालो. दारात अक्का उभी होती. जाळीवर गेल्या खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली...

"ठेव खाली," ती म्हणाली.

"अगं, बंद पडलाय."

"थोडंसंच काम असेल," अक्का म्हणाली. "राहू दे. बघू."