पुतळ्याचा आकडा

तात्यांचं उभं आयुष्य बिनखिडकीच्या खोलीत गेलं. शिशाच्या विटांआडून हात पुढे करायचे, किरणोत्सारी औषध मोजून घ्यायचं आणि प्लास्टिकच्या पोकळ पुतळ्यात भरायचं. मग पुतळा स्कॅनच्या यंत्रात निजवायचा. जेवढं भरलं तेवढंच यंत्राने दाखवलं, तर यंत्र खरं. माणसांची पाळी त्यानंतर.

बायको विचारायची, "निजवून आलात का माझ्या सवतीला?"

"आलो. ती उलट बोलत नाही."

यंदा नवं औषध आलं होतं. ते टोचलं की अंगात लपून बसलेली गाठ स्कॅनमध्ये उजळून दिसे. प्रयोगशाळेतलं काम झालं होतं. आता ते रुग्णांना द्यायचं होतं. पण ज्या रुग्णालयाचं यंत्र तीनदा बरोबर उतरेल, त्यालाच परवानगी. पहिल्या यादीत तात्यांची थोरली बहीण होती. अक्काचं दुखणं जुन्या स्कॅनला सापडत नव्हतं.

दोनदा आकडा जमला. तिसऱ्यांदा औषधाची शंभर एककं भरली, यंत्राने चौऱ्याऐंशीच दाखवली. पुन्हा भरलं, पुन्हा तेच.

मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "तात्या, थोडं जास्त भरा आणि लिहा शंभरच. पुतळा काय तक्रार करणार आहे?"

ते गेले. तात्या स्टुलावर बसून राहिले. खोटं लिहिलं तर अक्का आत येणार, पण हेच अधू यंत्र तिची गाठही कमी दाखवणार. खरं लिहिलं तर ती दारातूनच माघारी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलणारा हातही आपलाच.

पेन दोनदा टेकवून उचललं. मग त्यांनी चौऱ्याऐंशी लिहिलं.

बाहेर बाकावर अक्का सकाळपासून उपाशी बसली होती.

"आज नाही व्हायचं," तात्या म्हणाले. "दुरुस्ती, मग पुन्हा तीन चाचण्या. दोन महिने तरी."

"सिस्टर सांगत होती, तूच नापास केलंस म्हणून."

"हो."

"तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची खोटी सही कोणी केली होती रे?"

"अक्का, अशा यंत्रात तुझी गाठ लहान दिसली असती."

"दिसली तरी असती!"

अक्काने पिशवीतला डबा काढला, झाकण उघडलं आणि तिथेच बाकावर खायला लागली. 'घे' म्हणून त्यांना विचारलंसुद्धा नाही.