जामुलला पाहिलेलं चाकांवरचं घर

आमच्या ह्यांना स्टील प्लांटमधून रिटायर होऊन वर्ष झालं होतं. सेक्टर १० चं क्वार्टर सोडून आम्ही वैशाली नगरात स्वतःच्या घरात आलो आणि घरी बसून बसून ह्यांना गाडीचं वेड लागलं. साधी गाडी नव्हे; आत पलंग, शेगडी, संडास असलेली. मनात येईल तिथे जायचं, हॉटेलवाल्याचं तोंड पाहायचं नाही. मोबाइलवर एक जाहिरात दिसली, जुन्या मिनीबसची बनवलेली कॅरॅव्हॅन, सिमेंट कारखान्याजवळच्या जामुलला, ‘एकदम घर जैसी’. रविवारी सकाळी स्कूटरवर मीही सोबत गेले.

गाडी एका गोडाउनच्या आवारात उभी होती. बाहेरून नवा पांढरा रंग, त्यावर सिमेंटची धूळ. मालकाच्या हातात रूम फ्रेशनरचा डबा होता. आम्ही चढायच्या आधी त्याने आत दोन-तीनदा फवारा मारला. तरीही आत पाय टाकला तेव्हा मोगरा आणि कुजलेलं फडकं असा मिळून एकच वास आला.

सिंकला बोट लावलं तर बोट चिकटलं. शेगडीखाली झुरळांची अंडी. ह्यांनी संडासाचं झाकण उचललं आणि तसंच खाली टाकलं. खालची टाकी कोणी कधी रिकामी केली होती देव जाणे.

मागच्या पलंगावर एक गोधडी होती, उशाशी स्टीलचा डबा, खिळ्याला टॉवेल.

“इथं कोणी झोपते का?” मी ह्यांना विचारलं. मालकाला तेवढं कळलं.

“चौकीदार है, भाभीजी,” तो हसला. “बास उसी की है. वो हटा, बास भी गई.”

मी पदर नाकाला लावला. “शी! काय घाण करून ठेवली बाप्पा!” आणि वळले, तर म्हातारा चौकीदार दाराशीच उभा. त्याला मराठी कळलं नसेल, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण पदर त्याने पाहिला होता.

मालकाने गोधडी बुटाने सरकवत दाराबाहेर ढकलली. मागोमाग डबा. त्याचं झाकण उघडलं आणि रात्रीचा पाण्यातला भात मातीत सांडला. म्हातारा खाली बसला आणि वरवरचा भात डब्यात भरू लागला.

तेवढ्यात मालकाचा फोन वाजला, तो बोलत फाटकाकडे गेला. म्हातारा उठून हळूच इकडच्या बोलीत म्हणाला, “दाई, पलंग के खाल्हे ला देख लव. पानी इही कोती ले आथे.”

‘आई, पलंगाखाली बघून घ्या, पाणी तिकडूनच येतं,’ असं तो मला सांगत होता. ह्यांची सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेलेली. पलंगाची फळी उचलली, तर खाली नवीकोरी प्लायवूड ठोकलेली. तिच्या कडेला स्कूटरची चावी दाबली, ती ओल्या पावात जावी तशी आत गेली. खालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालं होतं, आणि संडासाच्या टाकीच्या चिरेतून पाझरलेलं पाणी त्यात मुरत होतं. वास त्याचा होता.

ह्यांचे डोळे चमकले. “आता पाय, याले भावात कसा खाली आणतो.”

“म्हाताऱ्याचं नाव घेऊ नका,” मी म्हटलं.

मालक आला. हे म्हणाले, “पूरा फर्श सड़ा है. आपका चौकीदार खुद बोल रहा है, पानी आता है.”

मालकाने आमच्याकडे पाहिलंच नाही. म्हाताऱ्याकडे पाहून म्हणाला, “अच्छा? कल से मत आना.” मग लगेच आमच्याकडे वळून हात जोडले आणि किंमत उतरवली. आणि हे विचारात पडले! त्या सडक्या लाकडावर उभं राहून खरंच विचार करत होते.

“मले नाही पायजे हे गाडी,” मी म्हटलं आणि खाली उतरले. म्हातारा टॉवेलात गोधडी बांधत होता. त्याच्याजवळून गेले आणि सरळ स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले.

वाटेत विचारलं, “तुमी त्याचं नाव कावून घेतलं?”

“अवं, भाव करताना बोलाच लागते. तो मालक त्याले असाही काढणारच होता.”

घरी येऊन ह्यांनी तीनदा साबणाने हात धुतले आणि नीट जेवले. मी माझं ताट बाजूला सारलं. ह्यांच्या चपचप खाण्याचासुद्धा त्या दिवशी किळस आला, आणि माझ्या पदराचाही.

चार दिवसांनी त्या म्हाताऱ्यासाठी ह्यांना बळेच पुन्हा जामुलला नेलं. फाटकावर दुसराच माणूस होता. “वो सियान? गाँव चल दिस,” तो म्हणाला. म्हातारा गावी निघून गेला होता; कोणतं गाव, त्याला ठाऊक नव्हतं. गाडी तिथेच उभी होती, दार उघडं टाकून वाळायला ठेवलेली.

हे स्कूटरवरून उतरलेच नव्हते, इंजिनही चालूच होतं. येताना मी ह्यांच्या खांद्याला न धरता मागच्या दांडीला धरून बसले.