शाबास म्हणणारा टीव्ही

नातीचा डबा घरी राहिला, तो द्यायला शाळेत गेलो. खिडकीतून पाहिलं तर वर्गात फळ्याच्या जागी मोठा टीव्ही लावलाय. त्यातली बाई भागाकार शिकवत होती. वर्गाच्या बाई कोपऱ्यात बसून मोबाइलमध्ये हजेरी भरत होत्या.

टीव्हीनं विचारलं, "समजलं का मुलांनो?"

"नाही," नात मोठ्यानं बोलली.

"शाबास!" म्हणून टीव्ही पुढं गेला.

पोरं खिदळली. "घे गं, शाबासकी मिळाली तुला!" नात मान खाली घालून बसली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण मला हे यंत्र काही पटत नाही. विचारायचं आणि ऐकायचं नाही, ही कुठली रीत? बायको गेल्यापासून माणसंही मला तसंच विचारतात, "कसं काय, आबा?" मी तोंड उघडेस्तोवर ती पार पुढं गेलेली असतात. आता मीही "बरंय" म्हणून मोकळा होतो. बायकोला विचारावं लागत नव्हतं. घास अडला की तिचा हात तांब्याकडं जायचा.

टीव्हीनं पुन्हा विचारलं, "समजलं का?"

"हो!" सगळ्यांबरोबर नातही ओरडली.

मी खिडकीतूनच म्हणालो, "बाई, ते बंद करा आधी. पोरगी खोटं बोलायला शिकली."