त्याच्या सिनेमाची तारीख

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गावात तेवढेच वर्ग होते. पाचवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागायचं. भाऊ गेला, मी राहिले. लग्नानंतर पुष्कळ वर्षं मी काही वाचलं नाही. अक्षरं ओळखू यायची, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून जायची.

वाचन परत आलं ते साड्यांमुळं. गुलमंडीतल्या एका दुकानातून मी फॉल-बीडिंगचं काम घरी आणते. तिथं साड्यांचा गठ्ठा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. त्यात कधी सिनेमाची रंगीत पुरवणी निघायची. तीत एका हिरोचा फोटो असला की मी खालचं सगळं बोट लावून वाचायची. बातमी दोन-तीन महिने शिळी असायची. ‘येत्या शुक्रवारी’ असं लिहिलेलं असायचं, पण तो शुक्रवार कधीचा ते कळायला मार्ग नसायचा.

तो हिरो मला लग्नाच्या आधीपासून आवडतो. फार देखणा नाही. समोरचं माणूस बोलत असलं की तो त्याचं बोलणं पुरं होऊ देतो, एवढं मला पहिल्या सिनेमापासून लक्षात राहिलं. त्याचे सिनेमे मी थोडेच पाहिले, टीव्हीवर लागले तेवढे, तेही मधून मधून उठून. पण पुढं कोणता येणार, तो कशाचं काम करणार, शूटिंग कुठंवर आलं, हे मला माहीत असायचं. हातात फोन आल्यावर तर रोजचं रोज कळायला लागलं. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असं तिथं लिहितात. ही सूत्रं कोण ते कधी लिहीत नाहीत. आमच्या गल्लीतही अशी सूत्रं आहेत, पण ती कोणत्या ओट्यावर बसतात ते सगळ्यांना ठाऊक असतं.

हे मी घरात कुणाला बोलले नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण कुणी विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. घरात आम्ही चौघं. हे वाळूजला कंपनीत आहेत. मुलगी कॉलेजात आहे. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. गंगापूरकडचं गाव सोडून आत्या आमच्याजवळ आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

दोन वर्षांमागं दुकानातल्या वहिनींनी मला थांबवून घेतलं. त्या मालकांच्या बायको, काम वाटून देणं त्यांच्याकडं असतं. म्हणाल्या, “शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याला शूटिंग आहे. बाजाराचा सीन आहे म्हणे, वीसेक बायका पाहिजेत. आमच्यासारख्या भुवया कोरलेल्या नकोत, साध्या पाहिजेत. तुम्ही जाता का?”

मी म्हटलं, “नाय, घरी काम असतं.”

“हिरो कोण आहे ते तर ऐका.”

मला ऐकायची गरज नव्हती. या सिनेमाचं थोडं शूटिंग मराठवाड्यात होणार हे मी महिनाभर आधी वाचलं होतं. गाव मात्र लिहिलं नव्हतं.

घरी मी ही गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी म्हणून यांना सांगितली. दुकानात येणारी एक बाई जाणार आहे म्हणे, असं. हे ड्युटीला निघाले होते, बुटाची लेस बांधत होते. म्हणाले, “जाऊ दे तिला. घरदार असलेल्या बाईचं काम नाय ते.” रागानं म्हणाले नाहीत. लेस बांधली आणि गेले. आत्या दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तोंडाला रंग लावून चार माणसांत बसायचं. काय एकेकीची हौस.”

माझी बहीण सिल्लोडला दिली आहे. तिला बरं नाही, एक दिवस जाऊन येते, असं मी घरी सांगितलं आणि वहिनींना येते म्हणून कळवलं. बहिणीला फोन करून ठेवला. ती म्हणाली, “मला काय झालंय ते तरी सांग. कुणी विचारलं तर खोकू का कण्हू?” मी कण्ह म्हटलं. एवढं मोठं खोटं मी त्याआधी बोलले नव्हते.

शूटिंगला आम्हाला भल्या सकाळी नेलं. बाजार आधीच मांडून ठेवला होता. मातीची गाडगी, मिरच्या, दोऱ्या, बांगड्या. कथा जुन्या काळातली होती. मला मेथीच्या ढिगामागं बसवलं. कपाळावर मोठं कुंकू लावलं, डोक्यावरचा पदर एका मुलीनं मागं ओढला आणि तोंडावर काहीतरी पुसलं. रंगच होता, पण उन्हानं रापल्यासारखा दिसायचा. मेथीच्या जुड्यांना रबरबँड होते. टोपी घातलेला एक माणूस आला आणि ओरडला, “त्या काळात रबरबँड कुठून आले? काढा सगळे.” मग रबर काढल्यावर मेथी सगळी विस्कटली. तो मला म्हणाला, “मावशी, नुसत्या बसू नका. काहीतरी करत राहा.”

बांधाला लांब गवत होतं, ते मी उपटून घेतलं आणि जुड्या बांधायला लागले.

ही जुडी बांधायला मला आत्यांनी शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीजवळच्या वाफ्यात मेथी असायची आणि आत्या ती गंगापूरच्या बाजारात नेऊन विकायच्या. मूठभर मेथी घ्यायची, मुळं सारखी करायची, गवताच्या काडीचे दोन वेढे द्यायचे, टोकं पिळायची आणि पीळ वेढ्याखाली अंगठ्यानं खोचायचा. गाठ मारायची नाही. मग जुडी मुळांकडून मांडीवर दोनदा आपटायची, म्हणजे माती झडते. खोच सगळ्या बाया उजव्या अंगठ्यानं मारतात. आत्यांचं उजव्या अंगठ्याचं पेर विळ्यानं गेलेलं आहे, म्हणून त्या डाव्यानं मारतात. मी नवीन होते, नजर वर करायची सोय नव्हती, त्यांच्या हातांकडंच बघायचे. डाव्यानंच मारायची असते असं समजून मी तसंच उचललं. माझे दोन्ही अंगठे धड आहेत, पण मला उजव्यानं जमत नाही.

दुपारपर्यंत हिरोच्या जागी दुसरा एक माणूस त्याच्यासारखे कपडे घालून चालत होता. ऊन उतरल्यावर हिरो स्वतः आला. कुणीतरी आधीच बजावलं होतं, त्यांच्याकडं बघायचं नाही, आपापलं काम करायचं. मी बघितलं नाही. मला सांगितलेलं मी सहसा मोडत नाही. एक माणूस वाकून त्याच्या पायांना ब्रशनं धूळ लावत होता. मग हिरो माझ्यासमोर थांबला, एक जुडी उचलली, शेजारच्या बाईला भाव विचारला. ती खरी नटी होती, उत्तर तिनं द्यायचं होतं. असं दोनदा झालं आणि तो गेला. मला त्याचे पाय दिसले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. हे कुठल्याच पुरवणीत आलेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर त्याच्या बातम्या वाचणं बदललं. आधी मी सिनेमा येणार म्हणून वाचायची. आता तो येईल तेव्हा मी त्यात दिसेन का, हे बघायला वाचायला लागले. तोंड दिसलं असतं तर डोक्यावर पदर नसलेलं, रंग लावलेलं तोंड दिसलं असतं, आणि सिल्लोडचं खोटं उघडं पडलं असतं. हे मारणारे नाहीत की ओरडणारे नाहीत. पण एकदा त्यांचा विश्वास गेला की ते बोलणं कमी करतात. धाकट्या दिराशी ते असेच चार वर्षं कामापुरतं बोलत होते. मला त्याचीच भीती होती.

दिवाळीला येणार असं आलं, मग दिवाळीनंतर. मग सिनेमाचं नाव बदललं. मग कळलं की काही भाग परत करणार आहेत, आणि माझ्या मनात आलं की बाजारच काढून टाकतील. तसं झालं तर बरं, असं मी म्हटलं, आणि त्या दिवशी एका साडीचा फॉल उलटा लावला. तारीख पुढं गेली की मला सुटल्यासारखं वाटायचं. मग दोन दिवसांनी मी पुन्हा शोधायची की नवीन तारीख आली का. दोन्ही एकाच माणसाला कसं वाटतं ते मला माहीत नाही, पण वाटायचं.

ट्रेलर आला तेव्हा मी शिलाई मशीनवर फोन टेकवून आवाज बंद करून पाहिला. बाजार होता. धूळ, गाडगी, आणि पळणारी माणसं. माझी जागा डोळे मिटून उघडेपर्यंत निघून गेली. तीत मला नुसता मेथीचा ढीग दिसला. मी ते इतक्यांदा पाहिलं की फोन मला आपणहून त्याच्याच बातम्या दाखवायला लागला.

शेवटी सिनेमा थेटरला न लागता घरच्या टीव्हीवरच आला. मुलीनं सुट्टीच्या दिवशी दुपारी लावला. मी लाव म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. हे पलंगावर आडवे होते. आत्या भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. त्या सिनेमा बघत नाहीत, फक्त खोलीत असतात. मी दाराजवळ बसले, उठायला बरं पडतं म्हणून.

हे म्हणाले, “म्हातारा झाला की हा.”

मुलगी म्हणाली, “पप्पा, तुमच्याच वयाचा आहे.”

“म्हणून तर सांगतोय.”

बाजार लागला. धुळीनं माखलेले ते पाय चालत आले. मग सगळ्या पडद्यावर दोन हात आले. नुसते हात, मोठेच्या मोठे. मेथीची मूठ, दोन वेढे, पीळ, डाव्या अंगठ्याची खोच. मांडीवर आपटल्याचा आवाजसुद्धा ठेवला होता, ठप ठप. वर माझ्या हनुवटीपर्यंत दिसलं आणि पुढं हिरोचं तोंड आलं. माझं आलं नाही.

आवाजाला आत्यांनी मान वर केली होती.

“थांबव गं,” त्या नातीला म्हणाल्या.

“काय झालं आजी?”

“मागं घे. मेथी बघू दे.”

हे म्हणाले, “आई, एवढा सिनेमा चाललाय आणि तू मेथी काय बघती?”

“तू हिरोला बघ. मला मेथी बघू दे.”

मुलीनं मागं घेतलं. आत्यांनी पाहिलं. पुन्हा मागं घ्यायला सांगितलं आणि पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, “चांगली हाय मेथी,” आणि लसूण सोलायला लागल्या. मी चहा ठेवते म्हणून उठले.

स्वयंपाकघरात दूध वर येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. आत्या लसणाची वाटी घेऊन आल्या. वाटी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “सिल्लोडला त्या दिवशी मेथी लई आली व्हती जणू.”

मी गॅस बारीक केला.

“गवत कवळं घेतलंस. खोच ढिली बसली.”

“दुसरं नव्हतं तिथं.”

“मेथी बांधायला गेली व्हतीस, का त्या हिरोला बघायला?”

“त्याला बघायला.”

“मग बघितला?”

“नाय. बघायचं नाय म्हणले व्हते. पाय दिसले.”

आत्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की खोकल्या ते मला नीट कळलं नाही. “एवढं खोटं बोलून,” त्या म्हणाल्या, “पाय बघून आली.”

मी विचारलं, “यांना सांगता का?”

“त्याला मेथी शिजलेली कळती. बांधलेली नाय कळत.” आणि कप घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात गावाकडून आत्यांची जाऊ आली. आत्यांनी नातीला तोच सीन लावायला सांगितला. जावेला म्हणाल्या, “बघ, माझी जुडी. आपल्या बाजारात अशी कोण बांधायचं?” जाऊ म्हणाली, “कोणीच नाय. डावखुरी हाय वाटतं ही.” आत्या म्हणाल्या, “नाय. शिकवणारी तशी व्हती.” हे जेवत होते. त्यांनी टीव्हीकडं पाहिलं, मग भाकरी वाढणाऱ्या माझ्या हाताकडं पाहिलं, आणि अर्धी भाकरी आणखी मागितली. त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. बोलणं कमी झालं नाही, एवढं खरं.

त्याच्या बातम्या मी अजून वाचते. तारीख पुढं गेली तर आता काही वाटत नाही, गेली तर गेली. फरक एवढाच की कधीमधी आत्या विचारतात, “त्याचं पुढचं काय म्हणतंय?” मग मी मोठ्यानं वाचून दाखवते. जोडाक्षराला अडते, त्या थांबतात.

परवा मी वाचलं की पुढच्या सिनेमात तो वकील होणार आहे.

आत्या म्हणाल्या, “बाजार हाय का त्यात?”

“नाय. कोर्ट हाय.”

“मग ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि मी फोन ठेवून मशीनवरची साडी घेतली.