बहिणीची पट्टी

पंच्याहत्तर वर्षांचा झालो, पण हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझी मोठी बहीण माझ्यापेक्षा चांगली गात होती, आणि मला ते ठाऊक होतं.

आमची घरचीच भजनमंडळी होती. बाबा तबल्यावर, आई झांजेवर, गायला आम्ही दोघं, पेटीही माझ्याकडेच. आमच्या सदर भागातल्या चर्चमध्ये रविवारची उपासना, नाताळात घरोघर, ख्रिस्ती लग्नं. साठच्या दशकापासून वीसेक वर्षं आम्ही प्रभूची गाणी गायलो. सुखाची वर्षं होती ती. एस.टी.त आई डबा उघडायची आणि बाबा पुढच्या सीटच्या पाठीवर ठेका धरायचे.

पेटी ज्याच्या हातात, पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, त्याची. मी पेटीवरची काळी एक धरायचो, माझ्या गळ्याची. तिच्यात बहिणीचा आवाज खाली दबायचा, वर नेला की चिरकायचा. लोक म्हणायचे, पोरगा गाते, पोरगी साथ देते.

खापा गावातल्या एका लग्नाआधी माझी बोटं दारात चेंगरली. पेटीवर तिथलेच एक म्हातारे मास्तर बसले. त्यांनी बहिणीला विचारलं, "तुझी पट्टी कोणती वं बाई?"

"मले काय मालूम? भाऊ धरते तेच."

"भावाचा सदराबी घालतं काय वं?"

एकेक सूर चढवत ते काळी चारवर थांबले. बाबांचा तबला तिथं लागेना, म्हणून त्यांनी कोणाची तरी ढोलक मांडीवर घेतली. बहीण गायला लागली आणि पंगतीत वाढणारे हातात बादल्या घेऊन तसेच उभे राहिले. आई झांज वाजवायची विसरली.

परतताना बाबा म्हणाले, "आता पोरीलेच पुढं बसवू."

"अन् तबला?" मी म्हणालो. "आपला काळी एकचा आहे. सारंच बदलावं लागन."

"मंग राहू दे गा," बहीणच म्हणाली. "काहून उगाच बाबाले तरास."

काळी चारचा तबला इतवारीच्या बाजारात एका दुकानात मिळत होता. त्या दुकानावरूनच मी रोज कामाला जायचो.

बोटं बरी झाली, पेटी परत माझ्याकडे आली. पुढं बारा वर्षं ती हसतमुखानं माझ्या मागं गायली. लोक माझी वाहवा करायचे तेव्हा मला बरं वाटायचं, हेही खरं.

बाबा गेले, मंडळी थांबली. बहीण आता नातवंडांना गाणी शिकवते, पेटीशिवाय. समाधानी आहे. खाप्याचा विषय तिनं कधी काढला नाही, मीही नाही. तबला निमित्त होता, खुपत होता तिचा आवाज, हे तिला माझ्या तोंडून सांगणं अजून बाकी आहे.