क्लचवरचा अनवाणी पाय

गाडीत बसण्याआधी ताराचंद ठवकर डाव्या पायातली चप्पल काढायचा. उजव्या पायातली राहू द्यायचा. गिऱ्हाईक बाजूला उभं असायचं. तो उघडा तळवा क्लचच्या पेडलवर ठेवायचा आणि हळूहळू दाबत न्यायचा. तळव्याखाली थरथर आली तर बेअरिंग. पकड फार वर आली तर प्लेट झिजलेली. रेतीसारखी किरकिर लागली तर केबलच्या तारा आतून तुटायला लागलेल्या. यातलं काहीच नाही आणि तरीही गिअर करकरतो, तर दोष पुढे, गिअरबॉक्समध्ये. मग तो खाली उतरायचा, चप्पल घालायचा आणि एका वाक्यात निकाल द्यायचा. एकही नट न खोलता.

"उघडून पाहावं लागेल" हे वाक्य त्याच्या लेखी दुसऱ्या मेकॅनिकांचं होतं. नंदनवनमधल्या दुकानात पस्तीस वर्षांत ते त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. "डॉक्टर आधी पोट फाडते का?" तो म्हणायचा. "अन् मंग म्हणते का, चला, आता पाहू काय झालं?" गिऱ्हाईक हसायचं. त्या हसण्यावर त्याचं दुकान चालायचं.

हे पाय त्याला गावाकडून मिळाले होते. कुहीजवळच्या खेड्यात धानाच्या बांधीत पोटरीभर चिखलात उभं राहून रोवणी करताना डोळ्यांचा उपयोग नसतो. खाली काडी आहे की खेकडा, ते पायालाच कळतं. त्याच गावात, ज्याचे पाय मे महिन्यात डांबरावर पोळत नाहीत, त्याला पक्का माणूस म्हणत. ताराचंदचा बाप अनवाणी बाजाराला जायचा आणि लोक त्याचं उदाहरण द्यायचे. स्तुतीसुद्धा वारशाने येते. ती तपासून घ्यावी, असं कुणाला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली. गोळ्या आठवल्या तर तो घ्यायचा. यंदाच्या एप्रिलात त्याच्या ध्यानात आलं की दुपारी दोन वाजता दुकानासमोरच्या रस्त्यावर अनवाणी उभं राहिलं तरी काही होत नाही. तो हे लोकांना दाखवायला लागला. "पाहा, वय झालं. पण पाय अजून कुहीचेच आहेत."

एकदा दुपारी जेवताना त्याच्या बायकोला, गोपिकाला, त्याच्या डाव्या तळव्यावर लिंबाएवढा फोड दिसला.

"हे काय जी? एवढा फोड आला अन् तुम्हाले ठाऊक नाही?"

"कुठी?" त्याने पाय वळवून पाहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. "येऊ दे वं. चामडी जाड झाली, दुसरं काय?"

"जाड चामडीले फोड येते काय?"

तो जेवत राहिला. गोपिकाने फोडाला पट्टी बांधली. ती बांधताना त्याने पाय मागे घेतला नाही, की तोंड वाकडं केलं नाही. तिला तेच खुपलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात श्रीधर आपली फिकट निळी गाडी घेऊन आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, कचेरीतून निवृत्त झालेले. गाडी सत्त्याण्णव सालची. दर गुरुवारी ते यमुताईंना, म्हणजे बायकोला, तिच्या बहिणीकडे कळमेश्वरला न्यायचे. या गाडीचा एवढाच उद्योग उरला होता. पण रिव्हर्स आणि पहिला गिअर आता दात खात होते.

"मुलाचा, केयूरचा, पुण्याहून फोन आला होता," श्रीधर म्हणाले. "तो म्हणतो, क्लचचं काम असेल तर करून घ्या. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी भंगारात द्या, पार्ट मिळत नाहीत. मी त्याला सांगितलं, ताराचंद म्हणेल तसं."

ताराचंदने चप्पल आणि पायावरची पट्टी काढली. पट्टीतून काय कळणार? तळवा पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल गुळगुळीत गेलं. सोडलं, पुन्हा दाबलं. कुठे किरकिर नाही, थरथर नाही. इतका शांत क्लच त्याला बऱ्याच दिवसांत लागला नव्हता.

खात्री करायला एक सोपी परीक्षा होती. इंजिन बंद करायचं आणि गिअर टाकून पाहायचे. बंद इंजिनवर ते मुकाट पडले तर बहुधा गिअरबॉक्सचा दोष नसतो, क्लच पुरता सुटत नसतो. शिकणाऱ्यांना तो ही परीक्षा शिकवायचा आणि वर म्हणायचा, "ज्याचे पाय आंधळे, त्यानं हे करावं." त्याने स्वतः ती केली नाही.

"क्लच साफ आहे, साहेब," तो म्हणाला. "गिअरबॉक्स गेला."

श्रीधरांनी टपावर हात ठेवला. "नक्की?"

"आजवर चुकलो का मी?"

पंधरा दिवसांनी गोलू आला. पूर्वी ताराचंदच्या हाताखाली शिकलेला, आता चाळिशीकडे झुकलेला, स्वतःचं भंगाराचं यार्ड असलेला. ती निळी गाडी त्यानेच उचलली होती. तो ताराचंदला यार्डात घेऊन गेला आणि बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिला. शेवटी गाडीजवळ थांबला.

"उस्ताद, राग नका मानू. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले. सगळे लोण्यावानी पडले."

"मंग?"

"मंग काय? तुम्हीच तं शिकवलं होतं."

"तू मले शिकवून राहिला काय बे?"

ताराचंद सीटवर बसला, चप्पल काढली, पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. "काही नाही. साफ आहे."

गोलू जमिनीकडे पाहत म्हणाला, "हातानं दाबा, उस्ताद."

त्याने शिवी द्यायला तोंड उघडलं, पण दिली नाही. तो खाली उतरला, दाराशी गुडघे टेकले, डोकं स्टिअरिंगखाली घातलं आणि उजव्या हाताचा पंजा पेडलवर ठेवून दाबला. किरकिर होती. चांगली होती. आत कुणी मूठभर रेती घेऊन बसलं असावं आणि मूठ उघडमीट करत असावं, तशी. केबलच्या तारा आतून तुटल्या होत्या. उरलेल्या ताणल्या जात होत्या आणि क्लच पुरता सुटत नव्हता. केबल बदलायला अर्धा तासही लागला नसता.

तो डोकं बाहेर काढून जमिनीवरच बसला. मग हाताच्या अंगठ्याचं नख आपल्या डाव्या पायाच्या तळव्यात रुतवलं. पांढरी खूण उमटली. ती त्याला फक्त दिसली.

"गाडी साहेबाले वापस दे," तो खाली बसूनच म्हणाला.

"आता नाही होत. कागद जमा झाले, नंबर रद्द झाला. कापावीच लागते."

"अन् गिअरबॉक्स?"

"त्याले गिऱ्हाईक लागलं. नव्यावानी आहे ना."

ताराचंद उठला. गोलूने त्याच्या पायाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "दवाखान्यात दाखवा एकदा. अन् मी कोणाले सांगणार नाही, उस्ताद."

चारचौघांत तो हसला असता तर ताराचंदला त्याच्याशी भांडता आलं असतं. या दयेशी कसं भांडायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो श्रीधरांकडे गेला. सांगायचंच म्हणून गेला. श्रीधरांनी त्याला शेजारी बसवलं.

"बरं झालं, तू स्पष्ट सांगितलंस. दुसऱ्याने दोन महिने खेळवलं असतं आम्हाला."

यमुताईंनी ताकाचा पेला पुढे केला. "ताई विचारते फोनवर, कधी येतेस म्हणून. केयूर म्हणतो, टॅक्सी बोलवा. मला त्या अनोळखी पोरांच्या गाडीत बसवत नाही." मग त्या जरा पुढे वाकल्या. "ताराचंद, आपल्या गाडीला वाचवता आलं असतं का रे काही करून?"

ताक आंबट होतं. त्याने ते संपवलं.

"जुनी झाली होती, बाई," तो म्हणाला.

गाडीलाच दोषी ठरवलं. तिचे तुकडे होणार होते, ती उलटून बोलणार नव्हती. तो उठला, पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर पडला. वीसेक पावलं गेला असेल, तोच मागून यमुताईंची हाक आली.

"अरे ताराचंद, चप्पल राहिली तुझी!"

त्याने खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता. चप्पल फाटकातच निसटून पडली होती आणि भर दुपारच्या रस्त्यावरून तो तसाच चालत आला होता. यमुताई उन्हात उभ्या होत्या. खरं काय ते त्यांना सांगायला अजून वीस पावलं हातात होती. तो परत गेला, चप्पल घातली, "ऊन आहे, आत जा बाई" म्हणाला आणि निघाला.

दवाखान्यात डॉक्टरने कापसाची काडी तळव्यावरून फिरवली आणि विचारलं, "कळतंय?" ताराचंद छताकडे पाहत होता. "काय कळायचं आहे?" त्याने विचारलं. डॉक्टरने काडी टाकून दिली. गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही, असं सांगितलं आणि बंद बूट घालायला लावले. अनवाणी एक पाऊलही नाही.

जूनमध्ये देवाजी त्याची जुनी मालवाहू व्हॅन घेऊन आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दुसरा गिअर टाकला की व्हॅन कण्हायची. ताराचंद बुटासकट आत बसला. पेडल दाबलं. बुटाच्या आत पाय होता, एवढं त्याला आठवत होतं. मग त्याने इंजिन बंद करून एकेक गिअर टाकून पाहिला. देवाजी हे प्रथमच पाहत होता.

"काय म्हणते, उस्ताद? क्लच का गिअरबॉक्स?"

ताराचंद खाली उतरला.

"उघडून पाहावं लागेल."

देवाजी हसायला लागला. पुढे ते नेहमीचं डॉक्टर आणि पोट येणार, म्हणून तो थांबला, हसू तोंडावर तसंच धरून. ताराचंद पाठमोरा होऊन पान्यांच्या डब्यात हात घालून बारा नंबरचा पाना शोधत होता.